मचव्यात राहिलेली माणसे

येशू गालील समुद्राच्या काठाने चालला होता आणि कोळी आपापल्या कामात होते, एवढ्या साध्या प्रसंगाने ख्रिस्ती शिष्यत्वाच्या इतिहासाला आरंभ होतो. शिमोन आणि आंद्रिया हे भाऊ पाण्यात जाळे टाकीत होते. थोडे पुढे याकोब आणि योहान हे दुसरे दोघे भाऊ मचव्यात बसून फाटकी जाळी सांधीत होते. हाक आली, चौघेही उठले आणि निघाले. मत्तयाने हे सांगितले आहे, मार्कानेही सांगितले आहे. पण एरवी शब्दांच्या बाबतीत मोठा कृपण असलेल्या मार्काने येथे एक तपशील अधिक दिला आहे, तो असा की, त्या पोरांचा बाप जब्दी हा मजुरांसह मचव्यात मागे राहिला. त्या अर्धवट सांधलेल्या जाळ्याचे पुढे काय झाले आणि संध्याकाळी घरी परतल्यावर जब्दीने पोरांच्या आईला काय सांगितले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. शिमोनाला बायको होती हे तर आपल्याला केवळ त्याची सासू तापाने फणफणली होती म्हणून कळते. आणि त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी पौलाने करिंथच्या मंडळीला जे पत्र लिहिले त्यात केफा, म्हणजे तोच शिमोन पेत्र, बायकोला बरोबर घेऊन फिरतो असा ओझरता उल्लेख येतो. ती बाई केव्हा निघाली, कशी निघाली, कोणाशी भांडून आणि किती रडून निघाली, याविषयी शास्त्र मौन पाळते.

या मौनाचा भंग जगाच्या पाठीवर ज्या थोड्या ठिकाणी झाला त्यांत महाराष्ट्राची गणना करावी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना जी हाक ऐकू आली तिचे वर्णन त्यांच्या काव्यात आणि चरित्रांत आहेच. परंतु त्यांच्या मागे मचव्यात जी राहिली त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या बाजूची हकीकत ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात अशी काही सांगून ठेवली आहे की, तो ग्रंथ वाचल्यानंतर शिष्यत्वाचा इतिहास केवळ जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकण्याची सोयच उरत नाही.

हिंदू माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे एकोणिसाव्या शतकात नेमके काय होत असे, याची कल्पना आजच्या वाचकाला एका शब्दावरून येऊ शकेल. ‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण नवराबायकोच्या कायदेशीर फारकतीला लावतो. मूळ धर्मशास्त्रात मात्र तो पतिताच्या बहिष्काराचा विधी आहे. आप्तांनी जमावे, जिवंत माणसाला मेलेला समजून त्याच्या नावाने पाणी द्यावे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडून द्यावा, आणि तेथून पुढे त्या माणसाशी बोलणे, बसणे, वारसा वाटून घेणे सर्व बंद. बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणाच्या घरी हा विधी शास्त्रोक्त झाला नाही तरी त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असे. स्नान करून आप्त मोकळे होत, आणि त्याची पत्नी सौभाग्याची चिन्हे अंगावर असलेली विधवा होई.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, वय बारा वर्षांच्या आसपास, त्याच्यामागोमाग मिशनऱ्याच्या घरी राहावयास गेला, तेव्हा बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. येथे प्रकरण संपावयास हवे होते. वस्तुतः ते येथून सुरू झाले. मिशनऱ्याच्या घरी जेवलेल्या त्या पोराला पंक्तीला घ्यावे की नाही, या प्रश्नावर मुंबईची ब्राह्मण मंडळी दुभंगली, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्ताचा पक्ष उचलून धरला म्हणून त्यांनाही निंदा सोसावी लागली, आणि कोर्टाने मोकळा केलेला मुलगा समाजाने कित्येक दिवस अडकवून ठेवला. थोरला भाऊ नारायण मात्र पुढे जालन्याकडे गेला आणि तिकडच्या मांगमहारांत त्याने आयुष्य वेचले. एकाच घरातून निघालेले दोन भाऊ. त्यांपैकी एक गेला तो गेलाच, आणि दुसऱ्याला धड जाताही आले नाही, धड येताही आले नाही.

इंग्रजी सरकारने आपल्या परीने या गोंधळात कायदा घातला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर किंवा जातिबहिष्कार यांमुळे वारसाहक्क बुडू नये अशी तजवीज झाली. आणि १८६६ च्या कायद्याने, योगायोगाने तोही एकविसावाच, असे ठरले की, धर्मांतरामुळे पतीला किंवा पत्नीला जोडीदाराने सहा महिने टाकले असल्यास धर्मांतरिताने अर्ज करावा, न्यायाधीशाने समोरच्यास विचारावे, नकार आल्यास विचाराला एक वर्षाची मुदत द्यावी, आणि वर्षानंतरही नकार कायम राहिला तर विवाह रद्द करून टाकावा. कायदा म्हणून त्यात न्याय आहे. परंतु ज्या मुलीचे लग्न तिला न विचारता झाले, जिच्या नवऱ्याने धर्म तिला न विचारता बदलला, तिला आयुष्यात पहिल्यांदा जर कोणी विचारणार असेल तर तो परका न्यायाधीश, आणि तेही संमती की नकार एवढेच. ही गोष्ट मनात आली की त्या न्यायाची चव जरा कडवट लागते.

आणि बाप्तिस्मा तर दूरच राहो. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने गेली असता पुढे चहा आला. कोणी प्याले, कोणी कप हाती घेऊन ठेवून दिला. गोपाळराव जोशी या विलक्षण गृहस्थाने ती नावे वर्तमानपत्रात छापून आणली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या शहरात एक पेला चहाची ही किंमत होती त्या मुलखात, त्यानंतर अवघ्या सव्वाचार वर्षांनी, एका चित्पावन कवीने सर्व सोडले.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. सोडून जाणे हा या माणसाचा ख्रिस्ती होण्यापूर्वीपासूनचा स्वभाव होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण त्याच्या भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत धर्मांतराच्या त्यागाला जो प्रकाश मिळतो त्यात हा स्वभाव झाकला जातो. आई वारल्यावर वडिलांच्या करड्या घरात मन रमेना म्हणून पोरवयातच त्याने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले, थोडे इंग्रजी झाले, आणि वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्याच्या पदरी पडली. तीच सासरची लक्ष्मी. मुलीच्या आजोळावर सत्तावन्नच्या धामधुमीत मोठा प्रसंग ओढवला होता, आजोबांना फाशी झाली होती, आणि त्या धक्क्याने म्हणा किंवा मूळच्या वृत्तीने म्हणा, तिच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज त्या घरात येत नसे. अशा घरातून निघून ती ज्या पुरुषाच्या घरी आली त्याचे मुळी घरच नव्हते. आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी कीर्तन, परवा व्याख्यान. राग आला की निघाला, कविता सुचली की निघाला, कोणी अतिथी भेटला की हातातला पैसा त्याच्या हाती घालून रिकाम्या हाताने परतला. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे हे त्यांच्या बायकोने इतक्या प्रसंगांनी आणि इतक्या मिस्कीलपणे सांगितले आहे की, वाचताना हसू येते. आणि हसू ओसरल्यावर लक्षात येते की, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

मग नागपूरचा बुटींचा आश्रय, संस्कृत ग्रंथांचे काम, आणि १८९३ मध्ये राजनांदगावचा प्रवास. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ समोर बसला होता. त्याने संस्कृत काव्यावर गोष्टी काढल्या, टिळकांच्या कवितेचे कौतुक केले, आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती देऊन भाकीत केले की, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. त्या गृहस्थाचे नाव त्यांना पुढेही कळले नाही, आणि खरे सांगायचे तर ते न कळले हेच बरे झाले. नाहीतर कोणत्या मिशनचा तो, यावरून एखादा वाद अवश्य झाला असता. पुस्तक वाचावयाचे असे वचन दिले म्हणून टिळक वाचावयास बसले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाला, जेथे डोंगरावरील प्रवचन सुरू होते, तेथे खिळले. बळजबरीने धर्म लादल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. हा मनुष्य मात्र तीन अध्यायांच्या वाचनाने जिंकला गेला, आणि ते अध्याय त्याने एका कवीच्या कानाने वाचले होते. मुंबईच्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे कर्ते डॉक्टर जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी, रविवारी, मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी चार वर्षांच्या आतबाहेरचा दत्तू. माहेरच्या माणसांनी त्यांना सांभाळले, म्हणजे जपले आणि कोंडलेही. बाई जिवाचे काही बरेवाईट करील ही एक भीती, आणि उठून नवऱ्याकडे जाईल ही दुसरी. पंढरपूर, नाशिक, जलालपूर अशा मुक्कामांत साडेचार-पाच वर्षे गेली. नवऱ्याची पत्रे येत, कविता येत. ती भेटीस येई, रडे, भांडे, परत जाई. ते दिवस वर्णन करताना तिने एकदाही स्वतःला साध्वी म्हणवून घेतलेले नाही किंवा टिळकांना क्रूर म्हटलेले नाही. ती त्यांना आरंभापासून अखेरपर्यंत केवळ ‘टिळक’ म्हणते, आणि त्या बिनसन्मानाच्या, बिनलाडाच्या एका शब्दात राग, हसू, ममता, कंटाळा सारे मावते.

येथे टिळकांच्या पदरी एक श्रेय घातलेच पाहिजे. १८६६ चा कायदा त्यांना उपलब्ध होता. सहा महिने, मग एक वर्ष, की मोकळे. पुनर्विवाहाला मंडळीची आडकाठी नव्हती. तो दरवाजा त्यांनी ठोठावला नाही. ते वाट पाहत राहिले. आणि ज्याला आयुष्यात कोणत्याही गोष्टीची वाट पाहणे जमले नव्हते अशा माणसाने पाच वर्षे वाट पाहावी, हा त्याच्या नव्या धर्माचा पहिला दृश्य परिणाम होता असे मला वाटते. घर सोडणे हे त्याच्या जुन्या स्वभावाचे काम. न सोडणे हे नवीन शिकलेले.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, त्या धर्म बदलावयास नव्हे. नवऱ्याच्या आसपास, पण आपल्या सोवळ्यात राहावयास आल्या. ख्रिस्ती वस्तीत ब्राह्मणाची एक चूल मांडली गेली. पाणी वेगळे, भांडी वेगळी, स्वयंपाक स्वतःच्या हाताचा. नवरा त्याच छपराखाली, पण तिच्या पाण्याच्या हंड्याला त्याचा हात लागावयाचा नाही. कल्पना करून पाहावी: सकाळी ओल्या नेसूने चुलीशी बसलेली बाई, उंबऱ्याबाहेर जमिनीवर कवितेचे कागद पसरून बसलेला तिचा बाटलेला नवरा, आणि या दोघांच्या मध्ये, आत जाऊ की बाहेर राहू हे न कळून घुटमळणारा दत्तू. टिळकांनी या व्यवस्थेला नुसती संमती दिली नाही, तर ती चालावी म्हणून सोयी करून दिल्या. त्या काळच्या किती सुधारकांनी आपल्या बायकांच्या मतांना एवढी जागा दिली होती, याचा हिशेब कोणी मांडील तर बोधप्रद होईल.

आणि मग लक्ष्मीबाईंनी जे सोडले त्याच्यासाठी कोणतीही आगगाडी, कोणताही भाकीत सांगणारा परदेशी लागला नाही. त्या एकट्या विचार करीत बसल्या असता त्यांच्या मनात आले की, पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या त्या डोळ्यांनी ओळखता येतात. माणसांत मात्र बाई आणि पुरुष यापलीकडे देवाने काही केलेले दिसत नाही, तेव्हा बाकीचा सारा उपद्व्याप माणसांचा असला पाहिजे. विचार साधा आहे. तर्कशास्त्र्याला त्यात छिद्रेही सापडतील. पण जिच्या बापाने बाजारचा जिन्नस धुऊन घेण्यात आयुष्य घालवले तिने त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे ठरवले आणि ते केले. हा निर्णय अगोदर झाला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली, दत्तूसह. टिळकांनी पवित्र शास्त्राच्या वाचनाने ख्रिस्त पत्करला आणि जात त्यांच्यामागून गळून पडली. लक्ष्मीबाईंनी जात प्रथम टाकली आणि मग ख्रिस्ताकडे पाहिले. दोघांच्या वाटा उलट दिशांनी येऊन नगरच्या एका घरात मिळाल्या. माझ्या मते दोहोंत अवघड वाट बाईंची. कारण ज्याला घराची ओढ कधी नव्हतीच त्याने घर सोडणे आणि जिचे सारे विश्वच चुलीभोवतीच्या चार हातांत होते तिने त्या चुलीची सीमा पुसून टाकणे, यांना एका तागडीत घालता येत नाही. छप्पन्नाच्या दुष्काळाचे ते दिवस. पुढे त्या घरात अनाथ पोरे आली, आजारी आली, आणि बाई कोणाची जात न विचारता त्यांची उठाठेव करू लागल्या.

आता टिळकांच्या दुसऱ्या त्यागाकडे वळावयाचे. तो समजण्यासाठी मिशनची घडण ध्यानी घ्यावी लागते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईस आले, १८३१ मध्ये त्याने नगरास ठाणे दिले, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ चालविला. शाळा, दवाखाने, छापखाना, पाळकांची पाठशाळा असा त्याचा मोठा कारखाना. या कारखान्याचा खजिना समुद्रापार बोस्टनला. माणसे थोर होती, याविषयी शंका नको: नगरच्या पाठशाळेचे डॉक्टर रॉबर्ट ह्यूम हे १८४७ साली मुंबईतच जन्मलेले, दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळालेले गृहस्थ टिळकांचे खरे स्नेही होते; आणि डॉक्टर ॲबट यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून आमच्या संतकवींची भाषांतरे करण्यात उरलेले आयुष्य खर्चिले. परंतु माणसांची थोरवी आणि व्यवस्थेची रीत या दोन गोष्टी निराळ्या. मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत: शिलेदार आपला घोडा आपण आणी, बारगीर सरकारी घोड्यावर बसे. लढताना दोघांच्या तलवारी सारख्याच चालत. पण घोडा कोणाचा हे बारगीर विसरत नसे आणि त्याला विसरू दिलेही जात नसे. मिशनचा देशी उपदेशक हा बारगीर होता. त्याचा मुशाहिरा, त्याची बदली, त्याचे घर, त्याच्या पोरांची फी सर्व दुसऱ्याच्या कीर्दखतावणीत. आणि त्याने रस्त्यात उभे राहून ख्रिस्ताचे नाव घेतले की ऐकणारा मनात पहिला प्रश्न विचारी तो पगाराचा.

टिळकांनी या घोड्यावर बावीस वर्षे काढली आणि त्या काळात मंडळीचे गाणे बदलून टाकले. इंग्रजी चालींत बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी अभंग, ओव्या, पदे आली. टाळमृदंग आणि कीर्तन देवळात शिरले. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि हे वाक्य त्यांच्या नावाला कायमचे चिकटले आहे. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. घरी कवींचा राबता असे. ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, त्या घरात पोटच्या पोरासारखे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, या माणसाला आता सोडण्यासारखे काय उरले? जात गेली, माहेरसासर गेले, गेलेले कुटुंब परत मिळाले, मान मिळाला.

उरला होता तो मिशनचा घोडा. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, प्रार्थनेत आलेल्या एका साक्षात्काराने त्यांची खात्री झाली की, आपण आता केवळ प्रभूचे आश्रित म्हणून राहिले पाहिजे. आणि सप्टेंबरात त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्यास बिऱ्हाड केले, आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुवर्ग स्थापन करण्यास आरंभ केला. आदल्या वर्षी दुसऱ्या टिळकांनी होमरूल लीग काढली होती, आणि त्याच ऑगस्टच्या २० तारखेला माँटेग्यू साहेबांनी पार्लमेंटात जबाबदार राज्यपद्धतीचा जाहीरनामा वाचला होता. या टिळकांचा राजीनामा त्या टिळकांच्या चळवळीतून निघाला असे मी म्हणणार नाही. पण हवा एकच होती, आणि स्वराज्याचा अर्थ देवळाच्या पायरीशी येऊन थांबत नाही हे कळावयास कवी असण्याचीही जरूर नव्हती.

गाव निवडले ते सातारा. ज्या शहरात छत्रपतींचा दरबार भरे आणि जेथील गादी १८४८ साली डलहौसीने खालसा केली, त्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी या मनुष्याने दरबार हा शब्द उचलला आणि देवाला लावला. या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना मुजऱ्याची मुभा होती. ज्याने येशूला गुरू मानले तो दरबारी, मग त्याच्या नावाची नोंद मंडळीच्या दप्तरात असो वा नसो. मिशनरी मित्रांना यात धोका दिसला. बाप्तिस्म्यावाचून शिष्य म्हणजे सनदेवाचून वतन. आज ना उद्या तंटा ठेवलेला. जुन्या ब्राह्मणांना यात नवीनच फसवणूक दिसली. आणि मिशनच्या पगारावर असलेल्या देशी पाळकांना काय दिसले असेल ते त्यांनी उघड बोलून दाखविण्याजोगे नसावे.

संन्यास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रात्री पाय न वाजवता घराबाहेर पडणारा पुरुष उभा राहतो. १८९५ चे टिळक तसेच गेले होते. १९१७ चा संन्यास मात्र बायकोसह होता. साताऱ्याच्या घरात लक्ष्मीबाई होत्या, आणि संन्याशाच्या संसाराला मीठमिरची कोठून येणार हा प्रश्न पूर्वीप्रमाणेच त्यांच्या वाट्याला आला होता. फरक एवढाच की, आता त्या मचव्यात नव्हत्या. निघालेल्यांतच होत्या, आणि चालता चालता कुरकुर करण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नव्हता.

दरबाराला फार दिवस लाभले नाहीत. मे १९१८ मध्ये बालकवींचा भादलीजवळ आगगाडीखाली मृत्यू झाला; त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने घरोघर माणसे नेली; आणि टिळकांची स्वतःची प्रकृती ढासळत गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला. राजीनाम्यापासून मोजले तर अवघे वीस महिने. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. मात्र टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम काढला, आणि साहेब हिंदी वेषात, जमिनीवर बसून जेवू लागला, तेव्हा साताऱ्याच्या त्या बिऱ्हाडाची आठवण जुन्या माणसांना झाल्यावाचून राहिली नसेल.

टिळकांनी आणखी एक गोष्ट अर्धी ठेवली होती. १९०९ च्या सुमारास त्यांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ असे त्याचे नाव. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून झाले, पुढे नगर, ‘ज्ञानोदय’, सातारा, दरबार यांच्या धामधुमीत लेखणी तेथेच थांबली. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई मुंबईत वसतिगृहाच्या कामाला लागल्या, मग दत्तूच्या संसाराबरोबर कराचीस गेल्या. आणि या साऱ्या हिंडण्याफिरण्यात, ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याच्या लहरी शिकवणीतून, तीही तुटक तुटक, झाली होती, तिने ते कागद पुढे ओढले. साठांहून अधिक अध्याय तिने लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा अखेरचा अध्याय व्हावयाचा होता. तो देवदत्ताने, म्हणजे दत्तूने, लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.